तीन नंबरखालचा डाग

नाना मोटारींच्या शेडमध्ये शिरताना वहाणा बाहेर काढून ठेवत. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, आत एखादा देव असणार. आत चार बसगाड्या होत्या, रॉकेलचा आणि कोळशाच्या धुराचा वास होता, आणि खाली सिमेंटचा कोबा होता. नाना त्या कोब्यावर अनवाणी चालत. धोतर पांढरंशुभ्र, उजव्या कानावर खडूचा तुकडा, हातात जुन्या वर्तमानपत्राच्या चौकोनी चिंध्या. एका गाडीपाशी ते धोतर सावरून गुडघ्यांवर बसले, मान जमिनीला टेकेपर्यंत वाकवली आणि बराच वेळ गाडीखाली पाहत राहिले. मग मागे न पाहता म्हणाले, "कोन शे तो? उजेड आडवू नको."

मी बाजूला झालो. तीच आमची ओळख.

मी चोपड्याकडचा. आमच्या घरात शाळेची पायरी ओलांडून पुढे गेलेला मी पहिलाच. आज जळगावच्या नव्या कॉलेजात बसतो, तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होतो. शाळा धुळ्याच्या देवपुरात होती आणि राहायला जागा नव्हती. आमच्या आबांची आणि मोटारवाल्या शेठची कापसाच्या व्यवहारातून तोंडओळख होती. शेठ म्हणाले, "शेडच्या कोपऱ्यात खोली आहे. पोरगा तिथं राहील, सकाळी फरशी धुवील, मग जाईल नदीपलीकडे शाळेत." आबांनी हात जोडले. अशा रीतीने मी फरशी धुणारा झालो. मला वाटलं होतं, बादलीभर पाणी ओतून खराट्याने ढकललं की झालं.

पहिल्याच सकाळी मी तसंच केलं. नाना आले, वहाणा काढल्या, ओल्या फरशीकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"काय करं तू?"

"फरशी धुतली, नाना."

"वाची व्हती का?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "मी आज भूगोल वाचला."

नाना हसले नाहीत. मला हाताला धरून गाडीपाशी नेलं आणि म्हणाले, "रातभर ती रडस. सकायले तू आसू पुशी टाकशी, मंग तिनं दुखनं कोन सांगी?"

त्यांचं एवढंच शास्त्र होतं. गाडी रात्रभर उभी राहते. तिच्या पोटातून काही ना काही थेंब थेंब गळतं. फरशी आदल्या दिवशी कोरी केलेली असेल तर सकाळी तो थेंब स्पष्ट दिसतो. कुठे पडला, केवढा, कोणत्या रंगाचा, यावरून गाडीला काय झालं आहे ते कळतं. काळा आणि पातळ असेल तर इंजिनाचं तेल. घट्ट, सडक्या वासाचा असेल तर गिअरचं. तांबूस पाणी असेल तर पुढची टाकी गंजली. आणि चाकाच्या आतल्या बाजूला, मधासारखा फिका, बोटांवर चिकट थेंब असेल तर ब्रेकचं तेल. तो दिसला की गाडी जागची हलवायची नाही.

नाना कागदाची चिंधी त्या थेंबाला लावत, वास घेत, अंगठ्याने चोळून पाहत, कधीकधी जिभेला लावून थुंकत. मग कानावरचा खडू काढून थेंबाभोवती गोल काढत आणि आत गाडीचा नंबर लिहीत. सगळ्या गाड्या वाचून झाल्या, मिस्त्रीला सांगून झालं, की मगच म्हणत, "आते पूस."

आधी वाचायचं, मग पुसायचं. ते हे वाक्य रोज म्हणत.

पुसण्याचीही त्यांची रीत होती. ताज्या थेंबावर लाकडाच्या वखारीतला भुसा टाकायचा. जुन्या डागासाठी केळीची राख, मुलतानी माती आणि चुन्याची निवळी एकत्र कालवून दाट लेप करायचा, डागावर थापायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं. दोन दिवसांनी गोणपाट काढून लेप उन्हात कडक वाळू द्यायचा आणि केरसुणीने झाडून टाकायचा. मी एकदा घाई केली. खराटा घेऊन डाग घासायला लागलो. नानांनी खराटा हिसकावून घेतला.

"घासू नको. घासशी तर तेल आनखी आत जाई. तेल ओढानं ऱ्हास. वाट देखानी."

केळीची राख आबा पाठवत. आमच्याकडे केळीचे वाळलेले खुंट आणि पानं जाळली की ढिगाने राख निघे. महिन्याला एक पोतं शेठच्याच गाडीने येई. नाना पोत्यात हात घालून मूठभर राख उचलत आणि म्हणत, "तुना बापनी राख भारी शे." पुढे म्हणत, "बापले सांग, पोऱ्याबी बरा शे." हे मी आबांना कधी सांगितलं नाही. स्वतःच स्वतःबद्दल काय सांगायचं, म्हणून लाजलो.

नाना आधी भुसावळला रेल्वेच्या इंजिनशेडमध्ये होते. तिथे इंजिनाखालच्या खड्ड्यात उतरून त्यांनी वीस-एक वर्षं काढली होती. ते सांगत, की माणूस वरून बघतो म्हणून फसतो. शेठने सिमेंटचा कोबा केला तो हौसेने. बाकीच्या मोटारवाल्यांकडे मुरमाची जमीन होती. त्या जमिनीत थेंब जिरून जाई आणि कोणाला काही कळत नसे. कोबा झाल्याचं ऐकून नाना भुसावळहून आपण होऊन आले आणि शेठला म्हणाले, "ह्या फरशीवर मला ठेवा." शेठ सगळ्यांना ही गोष्ट सांगत. "गाडीवर नोकरी मागणारे पुष्कळ येतात," ते म्हणत, "फरशीवर मागणारा हा एकच."

नानांचा माणसांपेक्षा फरशीवर जास्त विश्वास होता. मिस्त्री म्हणाला, गाडी ठीक आहे, तरी ते खाली वाकून पाहत. शेठ म्हणाले, काल नवीन नळी बसवली, तरी वाकून पाहत. "मानूस सांगस ते सांगस," असं म्हणून ते पुन्हा फरशीकडे वळत.

एकदा शेठचे मेव्हणे नवी मोटार घेऊन आले. मोटार शेडसमोर उभी केली आणि आत येऊन, बोलता बोलता, पानाची पिचकारी कोब्यावर टाकली. नाना उठले, कानावरचा खडू काढला, पिचकारीभोवती व्यवस्थित गोल काढला आणि आत मेव्हण्यांचं नाव लिहिलं. कादरभाई ड्रायव्हर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मेव्हणे लाल झाले. नाना शांतपणे बाहेर गेले, मेव्हण्यांच्या मोटारीखाली पाहून आले आणि म्हणाले, "मागच्या आसाचं तेल गळतं आहे. नरडाण्यापुढे नेऊ नका." बाहेरच्या माणसांशी ते शहरी बोलत. मेव्हणे म्हणाले, "तुम्ही आपली जमीन सारवा." संध्याकाळी त्यांची मोटार बैलांनी ओढून आणावी लागली, नरडाण्याच्या अलीकडूनच.

कादरभाई तीन नंबरची गाडी चालवत. देवपुरात राहत, कधी शाळेतून येताना भेटले तर मला नदीच्या पुलावरून गाडीत घेत. त्यांनी माझं नाव 'वकीलसाब' ठेवलं होतं, कारण माझ्या हातात कायम पुस्तक असे. रोज सकाळी गाडी काढण्याआधी ते नानांसमोर तळहात पसरून उभे राहत.

"नाना, सांगा, आज नशिबात काय आहे?"

"तुनं नशीब तुना हातवर नही, तुनी गाडीखाले शे."

"मग वाचा ना. पोरगा होणार की पोरगी?"

"काळं तेल शे. दोन थेंब. पोऱ्या व्हई, बापसारखा काळा."

अशी थट्टा रोज चाले. कादरभाईंच्या बायकोला तेव्हा खरंच दिवस गेले होते.

हळूहळू नानांनी मला वाचायला शिकवलं. आधी ते स्वतः वाचत, मग मला वाकायला लावत आणि विचारत, "हाऊ डाग कसाना शे?" मी भीत भीत सांगे. चुकलो तर ते कागदाची चिंधी माझ्या नाकाशी धरत. बरोबर आलं तर खडू माझ्या हातात देत आणि गोल मला काढू देत. त्या खडूचा मला फार अभिमान वाटे. मी त्यांच्याशी नेहमी शाळेची शुद्ध भाषा बोलत असे, ते मला घरच्या बोलीत उत्तर देत. एकट्याने वाचायची परवानगी मात्र त्यांनी मला कधी दिली नाही.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल मिळत नसे, गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या भट्ट्या लावल्या होत्या. सुटे भाग येत नसत. ब्रेकचं तेल तर बाजारातून नाहीसंच झालं होतं. मग मिस्त्री घाणीवरचं एरंडेल आणून त्यात स्पिरिट मिसळी आणि तेच ब्रेकमध्ये भरी. गाड्या चालत. एरंडेलाचा डबा शेडच्या कोपऱ्यात असे. रॉकेल नसलं की माझ्या खोलीतला दिवाही त्याच डब्यातल्या तेलावर जळे. हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावरून झालं. सबब म्हणून सांगत नाही. निदान मला तसं वाटतं.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला संध्याकाळी आम्ही गाड्यांपुढे दिवे लावले. प्रत्येक गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाशी एक पणती, तेल त्याच डब्यातलं. नाना निघताना मला म्हणाले, "उद्या दसरा. घर लेक-जवाई येल शेत, पूजा करीसन येस. जरा उशीर व्हई. मी येस तोवर फरशीले हात लावू नको."

मी हो म्हटलं.

सकाळी उजाडताच शेठ आले. बरोबर गडी, झेंडूच्या फुलांच्या टोपल्या, आंब्याचे डहाळे. आठ वाजता मोठी माणसं पूजेला येणार होती. दसऱ्याची गर्दी म्हणून तीन नंबर पूजा होताच मालेगावला सुटणार होती. उतारू तेव्हाच बाहेर जमायला लागले होते. शेठ फरशीकडे पाहून ओरडले, "अरे, अजून पारोशी? सणाच्या दिवशी? आरशासारखी पाहिजे मला!"

मी म्हटलं, "नाना यायचेत."

"नाना येतील तेव्हा येतील. पाहुणे आठला येणार."

मी राखेचं घमेलं घेतलं. मनात असंही होतं, की नाना येतील आणि एवढी स्वच्छ फरशी पाहून खूश होतील. एक, दोन करत मी तीन नंबरपाशी आलो. डाव्या चाकाशी पणती विझलेली होती. तिच्यापासून हातभर आत, चाकाच्या मागच्या अंगाला, रुपयाएवढा एक डाग होता. फिका, मधासारखा. मी त्याच्याकडे पाहिलं. पणती कलंडली असेल, तेल सांडलं असेल, असं मला वाटलं. वाकून वास घ्यायला हवा होता. कागदाची चिंधी खोलीत होती, दहा पावलांवर. बाहेर उतारू बोलत होते, शेठ घाई करत होते. मी राख टाकली आणि खराट्याने घासून घासून तो डाग घालवला. मग वर पाणी ओतलं. एका गड्याच्या बायकोने तिथे रांगोळी काढली.

नाना आले. हातात आपट्याची डहाळी होती, डोक्याला नवा रुमाल. वहाणा काढून आत पाऊल टाकलं आणि थांबले. फरशी राखेने पांढरी झाली होती.

"कोनी पुसी?"

मी म्हटलं, "मीच, नाना." आणि त्यांचा चेहरा पाहून लगेच म्हटलं, "आधी वाचली. मग पुसली."

"वाची तू?"

"हो."

"एकलानी?"

"हो. एक नंबरखाली दोन काळे थेंब होते, नेहमीचेच. चार नंबरखाली थोडं पाणी."

"आनि तीन?"

"काही नव्हतं."

हे सगळं माझ्या तोंडून कसं आलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला वाटलं होतं, ते रागावतील. ते रागावले नाहीत. माझ्याकडे बघतच राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांत असं काही आलं जे मी पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. मग एकदम कादरभाईंना हाक मारून म्हणाले, "कादर, आज फरशी ह्यानी वाची! एकलानी!"

"वा, वकीलसाब!" कादरभाई म्हणाले. "मग काय आहे नशिबात?"

मी खाली पाहून हसलो.

नानांनी तरी त्यांना पायाने ब्रेक दाबून बघायला लावला. "दगडासारखा आहे, नाना," कादरभाई म्हणाले. तसा तो असणारच. तेल अजून पुरतं गेलं नव्हतं. नारळ फुटला, चाकाखाली लिंबू ठेवलं, गाडीला झेंडूची माळ चढली. निघताना कादरभाईंनी मला आपट्याचं पान दिलं. "वकीलसाब, सोनं घ्या. सोन्यासारखे राहा."

दुपारी बातमी आली. घाटाच्या उतारावर ब्रेक लागला नाही. एका बाजूला दरी होती, दुसऱ्या बाजूला डोंगर. कादरभाईंनी गाडी डोंगरावर घातली. उतारूंचे हात-पाय मोडले, पण सगळे वाचले. कादरभाई हातातलं चाक आणि सीट यांच्यामध्ये चिरडले गेले.

दुसऱ्या दिवशी गाडी बैलांच्या दोन जोड्यांनी ओढून आणली. तिच्या नाकावरची झेंडूची माळ तशीच होती. मिस्त्रीने खाली पाहिलं. पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारी ब्रेकची नळी तडकली होती. गाडी बाहेरच उभी राहिली. शेडमधली तिची जागा रिकामीच राहिली आणि शेडच्या उघड्या बाजूने तिथे दिवसभर ऊन पडू लागलं. आश्विनातलं खानदेशी ऊन कसं असतं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. रांगोळी झाडून टाकली होती. त्या उन्हात, दुपारपर्यंत, कोब्यातून तो डाग वर आला.

घासल्यामुळे तेल आत गेलं होतं, ते उन्हाने बाहेर काढलं. आता तो रुपयाएवढा नव्हता, ताटलीएवढा झाला होता.

नानांनी तो पाहिला. गुडघ्यांवर बसले, कागद लावला, वास घेतला. कानावरचा खडू काढून सावकाश गोल काढला आणि आत तीनचा आकडा लिहिला. मी खोलीच्या दारात उभा होतो. मग उठून त्यांनी खडू पुन्हा कानावर ठेवला.

तीन दिवस तो गोल तसाच राहिला. तीन दिवस त्यांनी मला फरशी पुसायला सांगितलं नाही, मी पुसली नाही. ते सकाळी येत, एका खोक्यावर बसत, संध्याकाळी जात. मी शाळेत जाताना त्या गोलाला वळसा घालून जात असे. रोज ठरवी, आज सांगायचं. दाराशी येई आणि ते माझ्याकडे पाहत असलेले दिसत. मग मी पुस्तकं काखेत मारून निघून जाई.

चौथ्या दिवशी मोटार इन्स्पेक्टर आला. शेठ घाबरलेले होते, हात चोळत मागे मागे फिरत होते. इन्स्पेक्टरने डाग पाहिला.

"हे तेल गाडी निघण्याआधीचं आहे?"

"हो," नाना म्हणाले. "दसऱ्याच्या सकाळचं."

"फरशी रोज तपासतात म्हणे इथं. त्या दिवशी कोणी तपासली?"

मी दारातच होतो. हातात बीजगणिताचं पुस्तक होतं. तोंड उघडलंही होतं मी.

"मी," नाना म्हणाले. "माझा डोळा चुकला."

इन्स्पेक्टरने माझ्याकडे बोट केलं. "हा कोण?"

"शाळेतला मुलगा आहे," नाना म्हणाले. "इथं फक्त निजतो."

इन्स्पेक्टरने लिहून घेतलं. त्याच संध्याकाळी शेठने नानांना यायला नको म्हणून सांगितलं. नानांनी वाद घातला नाही. कानावरचा खडू काढून खिडकीत ठेवला. दाराबाहेर जाऊन वहाणा घातल्या, मग वळून मला म्हणाले, "आते पूस. वाची झायं."

मी पुसायला लागलो. भुसा, राख, मुलतानी माती, चुना, गोणपाट. त्यांनी शिकवलं होतं तसंच, न घासता, वाट पाहत. लेप वाळला की डाग फिका होई. पुढच्या उन्हात पुन्हा वर येई. आबा राख पाठवत राहिले. मॅट्रिकचा निकाल लागेपर्यंत मी दर आठवड्याला तो लेप लावला. मी पास झालो. शेठने पेढे वाटले. त्या दिवशीही डाग होता.

नानांना धुळ्यात दुसऱ्या कोणी कामावर घेतलं नाही. डोळा चुकलेला माणूस कोण घेणार? ते पाचोऱ्याकडच्या खेड्यात लेकीकडे गेले, एवढं मला कळलं होतं. यंदा दिवाळीच्या सुटीत मी जळगावहून तिकडे गेलो. सबंध रस्ताभर वाक्यं जुळवत होतो.

लेकीचं घर साधं होतं, शेणाने सारवलेलं. नाना ओसरीवर बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी नाव सांगितल्यावर त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या सदऱ्याची बाही चाचपली.

"कालेजना सदरा शे का हाऊ?"

"हो, नाना."

"भारी शे."

त्यांच्या लेकीने, अक्काने, चहा आणला. कप घेताना माझ्या हातून थोडा चहा जमिनीवर सांडला. मी घाईने रुमाल काढला. नाना म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आठे काही ऱ्हास नही. सकायले शेन फिरावं का सारं कोरं."

मी जुळवलेली वाक्यं सगळी विसरलो. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांच्याशी घरच्या बोलीत बोललो.

"नाना, मी खोटं बोलनू. मी फरशी वाची नव्हती. तठे डाग व्हता. मी देखा व्हता. दिवानं तेल शे, आसं वाटनं. मी वास बी लिना नही."

"माले माहीत शे."

"डाग वर उना तवय समजनं?"

नानांनी बोटांनी सारवलेली जमीन चाचपली. मग म्हणाले, "नही. तवय नही. दसरानी सकायलेच. फरशी घासेल व्हती. जो वाचस तो घासत नही." त्यांनी मान खाली घातली. "माले तवयच शंका उनी व्हती. रांगोळी पुशीसन खाले देखाले पाहिजे व्हतं. पन तू म्हने, एकलानी वाची. माले भलताच आनंद व्हयना. सारी जिंदगी कोनावर भरोसा ठेवा नही, त्या एक दिन ठेवा." मग म्हणाले, "इन्स्पेक्टरले मी खोटं नही सांगं. मनाच डोया चुकना."

मी रडायला लागलो. त्यांनी माझी समजूत घातली नाही. मी विचारलं, "तुम्हाला कळलं असतं का, नाना? वास घेतला असता तर?"

"हा," ते म्हणाले.

मग माझ्याकडे तोंड वळवून म्हणाले, "तीन दिन मी वाट देखी. तू सांगशी म्हनीसन."

मी रुमालाने डोळे पुसले.

"कादरनी बायकोले सांगं का?"

"नाही, नाना."

"मंग माले काय सांगस?" असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी बराच वेळ बसलो. सांडलेला चहा जमिनीत जिरून गेला होता, कुठे सांडला तेही आता दाखवता आलं नसतं. शेवटी मी त्यांच्या पायांना हात लावला. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी धुळ्याला गेलो. देवपुरात कादरभाईंचं घर शोधलं. दाराला दुसऱ्याच कोणाचं कुलूप होतं. शेजारणीने सांगितलं, बाई लेकराला घेऊन गेली, भावाकडे, वऱ्हाडात कुठेतरी. गावाचं नाव तिला ठाऊक नव्हतं. मशिदीत विचारलं, तिथल्यांनाही नव्हतं. मुलगा झाला होता की मुलगी, असं मी विचारलं. "मुलगा," शेजारीण म्हणाली, "बापासारखाच."

परतीच्या गाडीला वेळ होता. पाय आपोआप शेडकडे वळले. दाराशी मी वहाणा काढल्या. आत एक नवीन माणूस होता. त्याने माझ्या अनवाणी पायांकडे चमत्कारिक नजरेने पाहिलं. तीन नंबरच्या जागी तो बसला होता, हातात तेजाबाची बाटली होती. त्याने तेजाब ओतून ओतून कोबा पार खाऊन टाकला होता. ताटलीएवढा खड्डा पडून आतली खडी उघडी झाली होती, आणि खडीवरही तो फिका डाग होता.

"जातच नाही हो हा," तो म्हणाला. "तुम्ही पूर्वी इथं असायचात का? काय होतं इथं?"

मी गुडघ्यांवर बसलो. वाकलो. वास आता तेजाबाचाच येत होता.

"ब्रेकचं तेल," मी म्हटलं. "दसऱ्याच्या सकाळी होतं. मी पाहिलं होतं."

"असेल," तो म्हणाला, आणि त्याने वर बादलीभर पाणी ओतलं.